रायफल देखणी हवी की अचूक?

विशेष प्रतिनिधी

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक पटकावले आणि महाराष्ट्राची ७२ वर्षांची प्रतीक्षा संपली. खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळवले होते. त्यानंतर राज्यातील खेळाडूला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळण्याचा योग थेट स्वप्नीलच्याच रूपाने आला. त्याआधी २०१० मध्ये म्युनिक येथे कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेतेपद पटकावले होते. ही दोन्ही यशे ज्या शस्त्राने मिळाली ते शस्त्र एकाच जातीचे होते. ही जात म्हणजे .२२ बोअरची, एका वेळी एकच गोळी झाडणारी रिमफायर टार्गेट रायफल.

या यशानंतर नेमबाजीकडे वळणाऱ्या मुलामुलींच्या पालकांपुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. एअर रायफलवर वर्ष-दोन वर्षे हात बसल्यानंतर पुढची पायरी म्हणून .२२ रायफल घ्यायची, तर ती कोणती घ्यायची? विदेशी कंपन्यांच्या पुस्तिकांतील चित्रे पाहून डोळे दिपतात. अक्रोडाच्या लाकडाचे तुकतुकीत दस्ते, निळ्या-लाल अ‍ॅल्युमिनियमचे सांगाडे, चकाकणाऱ्या नळ्या. किंमत मात्र लाखांच्या घरात असते. मध्यमवर्गीय घरात हा निर्णय ठेव मोडून किंवा कर्ज काढून घेतला जातो. शिवाय शस्त्र असल्यामुळे, चुकले म्हणून दुसऱ्या दिवशी ते परत देऊन टाकावे, अशी सोय नसते. परवाना, नोंदी, हस्तांतरणाची परवानगी या सगळ्यात महिने जातात आणि तेवढ्यात खेळाडूचा स्पर्धेचा एक हंगाम हातचा निघून जातो. म्हणूनच या रायफलीत नेमके काय पाहावे, हे आधी समजून घेणे आवश्यक ठरते.

रिमफायर म्हणजे काय?

काडतुसाच्या बुडाशी जी बारीक कडा असते, तिला रिम म्हणतात. .२२ लाँग रायफल या काडतुसात स्फोटक द्रव्य या कडेच्या पोकळीत भरलेले असते. फायरिंग पिन कडेवर आदळली की ते पेटते आणि पुढची दारू जळून गोळी सुटते. मोठ्या बंदुकांच्या काडतुसात हे द्रव्य बुडाच्या मध्यभागी वेगळ्या टोपीत असते, म्हणून त्यांना सेंटरफायर म्हणतात. .२२ लाँग रायफल हे काडतूस अमेरिकेत १८८७ मध्ये तयार झाले आणि आजही जगभर तेच वापरले जाते. एनसीसीच्या शिबिरात ज्यांनी कधी गोळी झाडली असेल, त्यांच्यापैकी बहुतेकांची पहिली गोळी याच बोअरची असते.

स्पर्धेसाठीच्या काडतुसातील शिशाच्या गोळीचे वजन साधारण २.६ ग्रॅम असते. ती नळीतून सेकंदाला सुमारे ३२५ ते ३३० मीटर वेगाने बाहेर पडते. हा वेग ध्वनीच्या वेगापेक्षा किंचित कमी आहे आणि तो मुद्दामच तसा ठेवलेला असतो. गोळी ध्वनीपेक्षा वेगाने निघाली, तर वाटेत तिचा वेग ध्वनीच्या वेगाखाली उतरताना ती अस्थिर होते आणि नेम विस्कटतो. त्यामुळे 'हाय व्हेलॉसिटी' असे ठसठशीत छापलेली काडतुसे दुकानात कितीही आकर्षक वाटली, तरी टार्गेट नेमबाजीसाठी ती कामाची नाहीत.

बोल्ट अ‍ॅक्शनच का?

बोल्ट अ‍ॅक्शन रायफलीत दर वेळी हाताने बोल्ट मागे ओढून रिकामे काडतूस बाहेर काढावे लागते आणि नवे आत सारून बोल्ट बंद करावा लागतो. ही रचना जुनी वाटते. पण अचूकतेच्या दृष्टीने ती फार सोयीची आहे. काडतूस दर वेळी त्याच जागी, तितक्याच घट्टपणे बसते. गोळी नळीत असताना रायफलीचा कोणताही भाग हलत नाही. शिवाय रचना साधी असल्याने तिची देखभाल सोपी राहते. स्पर्धेत एका वेळी एकच काडतूस भरायचे असल्याने टार्गेट रायफलींना बहुधा मॅगझिनही नसते. मॅगझिनसाठी खालून खाच पाडावी लागत नाही, त्यामुळे अ‍ॅक्शनचा सांगाडा अधिक भरीव आणि ताठ राहतो.

या प्रकारातील सर्वांत परिचित नाव म्हणजे जर्मनीतील अँशुट्झ. १८५६ मध्ये थुरिंगिया प्रांतात सुरू झालेली ही कंपनी दुसऱ्या महायुद्धानंतर उल्म शहरात नव्याने उभी राहिली. तिची 'मॅच ५४' ही अ‍ॅक्शन १९५४ पासूनची असून सुधारणा होत होत ती आजही चालू आहे. त्याच उल्म शहरातील वाल्थर, ओबेर्नडोर्फचे फाइनवेर्कबाऊ, स्वित्झर्लंडमधील ब्लायकर आणि ग्रुनिग अँड एल्मिगर ही या क्षेत्रातील अन्य प्रतिष्ठित नावे होत. त्याखालच्या पायरीवर चेक प्रजासत्ताकातील सीझेडच्या ४५७ सारख्या रायफली येतात. क्लब पातळीवरील सरावाला त्या उत्तम आहेत; पण थ्री पोझिशन स्पर्धेसाठी लागणारी जुळवाजुळवीची सोय त्यांत मर्यादित असते. भारतात इच्छापूरच्या सरकारी रायफल कारखान्यात .२२ स्पोर्टिंग रायफल तयार होते. ती प्राथमिक सरावासाठी ठीक असली, तरी ऑलिम्पिक प्रकारच्या स्पर्धेचे शस्त्र नव्हे.

सोळा मिलिमीटरचा हिशेब

अचूकता म्हणजे नेमके किती, हे समजण्यासाठी लक्ष्याचे माप पाहावे लागते. ५० मीटर अंतरावरील लक्ष्यात दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर असतो. हे वर्तुळ शर्टाच्या बटणापेक्षाही लहान भरते. गोळीची जाडी ५.६ मिलिमीटर असून तिच्या छिद्राची कडा वर्तुळाला टेकली, तरी दहा गुण मिळतात. म्हणजे गोळीचा मध्य लक्ष्याच्या केंद्रापासून आठ मिलिमीटरच्या आत असला पाहिजे. दुसऱ्या शब्दांत, दहाचा सारा खेळ १६ मिलिमीटर व्यासाच्या एका गोलात चालतो.

आता समजा, रायफल शिकंजात घट्ट आवळून झाडलेल्या गोळ्यांचे मध्य १२ मिलिमीटर व्यासाच्या गोलात पसरतात. म्हणजे त्यातली सर्वांत बाहेरची गोळी केंद्रापासून सहा मिलिमीटरवर गेली. अशा गोळीच्या वेळी खेळाडूच्या स्वतःच्या चुकीसाठी उरले फक्त दोन मिलिमीटर. हाच पसारा आठ मिलिमीटरचा असेल, तर चार मिलिमीटर उरतात. म्हणजे खेळाडूची शिल्लक एकदम दुप्पट झाली. अचूक रायफल कोणाला नेमबाज बनवीत नाही, परंतु नेमबाजाच्या हातून घडणाऱ्या चुकीला ती थोडी जागा देते. महागड्या रायफलीसाठी जे पैसे मोजायचे, ते या दोन मिलिमीटरसाठी मोजायचे असतात.

ही शिल्लक किती सूक्ष्म असते, हेही पाहण्यासारखे आहे. ५० मीटरवरील चार मिलिमीटरची चूक म्हणजे एक मीटर लांबीच्या नेमरेषेत पुढचे साइट ०.०८ मिलिमीटरने हलणे. माणसाचा केस साधारण तितकाच जाड असतो. पॅरिसच्या अंतिम फेरीत स्वप्नीलने ४४ गोळ्यांत ४५१.४ गुण मिळवले. ही सरासरी प्रत्येक गोळीमागे सुमारे १०.२६ गुणांची पडते. गुडघ्यावर बसून, पोटावर झोपून आणि उभे राहून, अशा तिन्ही अवस्थांत केसाएवढ्या फरकावर ताबा ठेवल्याशिवाय ही सरासरी गाठता येत नाही.

नळीत काय पाहावे?

रायफलीचा प्राण नळीत असतो. नळीच्या आतील आट्यांमुळे गोळीला फिरकी मिळते. .२२ रिमफायरसाठी साधारण १६ इंचांत एक पूर्ण फेरा, असे या आट्यांचे प्रमाण रूढ आहे. आटे सर्वत्र एकसारखे असणे, आतील पृष्ठभाग गुळगुळीत असणे आणि तोंडाकडे नळी सैल नसणे, या तीन गोष्टी महत्त्वाच्या. नळीच्या तोंडाची कड म्हणजे क्राउन. गोळी नळी सोडताना शेवटचा स्पर्श याच कडेला होतो. तिथे सूक्ष्म खवला जरी पडला, तरी मागून येणारा वायू एका बाजूने आधी निसटतो आणि गोळीला धक्का देतो. जुनी रायफल पाहताना भिंगातून सर्वप्रथम तपासावी ती ही कड.

मागच्या टोकाला काडतूस बसते तो भाग म्हणजे चेंबर. मॅच रायफलीचे चेंबर इतके घट्ट कापलेले असते की, बोल्ट बंद करताना गोळी आट्यांत किंचित रुतते. त्यामुळे ती नळीच्या अक्षाशी सरळ उभी राहते. साध्या शिकारी रायफलीचे चेंबर सैल ठेवतात, कारण तिथे कोणतेही काडतूस चटकन बसणे महत्त्वाचे असते. बाहेरून दोन्ही रायफली सारख्याच दिसतात, फरक असतो तो आत.

जाड नळी अधिक अचूक, असा एक सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. जाड नळी कमी थरथरते आणि वजनामुळे हात स्थिर राहतो, हे खरे, परंतु.२२ च्या गोळीने नळी फारशी तापत नाही, त्यामुळे जाडीचा तो फायदा इथे मिळत नाही. शिवाय आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पुरुषांच्या ५० मीटर रायफलीचे वजन सर्व साधनांसह आठ किलोपेक्षा अधिक चालत नाही. सोळा वर्षांच्या सडपातळ मुलीच्या हातात तर सात किलोची रायफल उभ्या अवस्थेत ओझेच ठरते. वजन नियमात किती बसते यापेक्षा खांद्याला किती पेलते, हे आधी पाहावे.

रायफलीचे काडतुसाशी लग्न

या खेळातील सर्वांत विलक्षण बाब म्हणजे प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. एकाच कारखान्यात लागोपाठ तयार झालेल्या दोन नळ्या एकाच काडतुसाने वेगवेगळा पसारा दाखवतात. काडतुसांचेही तसेच. इंग्लंडमधील इलीचे टेनेक्स, लापुआचे मिडास किंवा जर्मनीचे आरडब्ल्यूएस आर-५० ही नावाजलेली काडतुसे आहेत. पण त्यांच्या प्रत्येक लॉटचा स्वभाव निराळा असतो. रिमफायर काडतूस खेळाडूला स्वतः घरी भरता येत नाही. कारखान्यातून आले तसेच ते वापरावे लागते. त्यामुळे उत्तम लॉट शोधणे हाच एक उपाय उरतो.

म्हणून जगभरचे अव्वल नेमबाज आपली रायफल घेऊन काडतूस कंपन्यांच्या चाचणी केंद्रांत जातात. तिथे दस्ता काढून नळी व अ‍ॅक्शन शिकंजात आवळतात, एकामागून एक लॉट झाडून पाहतात आणि ज्या लॉटचा पसारा सर्वांत कमी, त्याचीच हजारो काडतुसे एकदम विकत घेतात. सामान्य खेळाडूला परदेशी जाणे परवडत नाही. पण हीच पद्धत लहान प्रमाणावर येथेही वापरता येते. क्लबमधील चार-पाच खेळाडूंकडून वेगवेगळ्या लॉटची पन्नास-पन्नास काडतुसे जमवावीत आणि प्रत्येकाची चाचणी घ्यावी. मध्यम प्रतीच्या रायफलीला मानवणारा लॉट मिळाला, तर उंची रायफल व न मानवणारा लॉट या जोडीपेक्षा ती सरस ठरू शकते. त्यामुळे सगळी पुंजी रायफलीत घालून काडतुसांसाठी हात आखडता घेणे, ही खरेदीतील सर्वांत मोठी चूक होय. रायफल एकदा घ्यायची असते, काडतुसे मात्र वर्षानुवर्षे लागतात.

दस्ता : देखणेपणाचा खरा अर्थ

देखणेपणाचा प्रश्न मुख्यतः दस्त्याशी निगडित आहे. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता हा अनेक पिढ्यांचा लाडका. त्याची नक्षीदार शीर, हाताला लागणारी ऊब आणि काळानुसार येणारी झळाळी यांना तोड नाही. परंतु लाकूड हवेतील ओलावा शोषते. मुंबई-कोकणातील जुलै महिन्यात ते फुगते आणि एप्रिलमध्ये आकसते. अ‍ॅक्शन दस्त्यात जिथे बसते, तिथे केसाएवढा बदल झाला तरी स्क्रूंचा ताण बदलतो आणि गोळ्या भलतीकडे जाऊ लागतात. खेळाडू मात्र आपलाच हात बिघडला, असे समजून खचून जातो. यावर उपाय म्हणून अ‍ॅक्शनच्या बैठकीत रेझिनचा थर देतात, ज्याला बेडिंग म्हणतात. पातळ पट्ट्या चिकटवून केलेले लॅमिनेटेड लाकूडही साध्या लाकडापेक्षा कमी हलते.

अ‍ॅल्युमिनियमच्या दस्त्याला ओलाव्याचा त्रास नाही. त्याचा प्रत्येक भाग मापाच्या खुणांवर सरकवता येतो. गालाची पट्टी वर-खाली, खांद्याची पाटी पुढे-मागे, हातपकड आडवी-तिरपी. वाढत्या वयाच्या मुलांसाठी ही सोय मोलाची आहे. आज चौदा वर्षांचा असलेला मुलगा दोन वर्षांत सहज अर्धा फूट वाढतो. त्याच्या आजच्या मापाचा लाकडी दस्ता तेव्हा निरुपयोगी ठरेल. मात्र अ‍ॅल्युमिनियमचा एक दोषही आहे. इतक्या जागी जुळवाजुळव करता येते की, नवखा खेळाडू सरावाऐवजी पाने-स्क्रूच फिरवत बसतो. एकदा बसवलेले माप वहीत लिहून ठेवावे आणि प्रशिक्षकाला विचारल्याशिवाय ते हलवू नये, हे बरे.

मग देखणेपणाला काहीच महत्त्व नाही का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. जी वस्तू रोज दोन-तीन तास गालाला लावून बसायचे, ती आवडलीच पाहिजे. आवडती रायफल खेळाडू मनापासून पुसतो, जपतो, तिच्यासह रेंजवर जाण्याची त्याला ओढ लागते. मात्र सोन्याची सुरी झाली म्हणून ती कोणी पोटात खुपसून घेत नाही. आधी मापाला बसते का, मग नळी चांगली आहे का, त्यानंतर दिसते कशी, हाच क्रम योग्य. जिच्या अंगावर नको असलेला एकही भाग नाही आणि जिचा प्रत्येक भाग खेळाडूच्या शरीराला नेमका मिळतो, ती रायफल पाहणाऱ्यालाही देखणीच वाटते.

चाप आणि साइट

टार्गेट रायफलीचा चाप बहुधा दोन टप्प्यांचा असतो. पहिल्या टप्प्यात बोट हलका दाब घेऊन थांबते, दुसऱ्या टप्प्यात काच तडकावी तसा चाप सुटतो. तो किती हलका आहे यापेक्षा दर वेळी तितक्याच दाबाला सुटतो का, हे पाहणे महत्त्वाचे. रिकाम्या रायफलीवर वीस-पंचवीस वेळा चाप ओढून हे कळते. मात्र अनेक रिमफायर रायफलींत पिन रिकाम्या चेंबरच्या कडेवर आदळून खूण पाडते. त्यामुळे मालकाला विचारूनच आणि चेंबरमध्ये वापरलेले काडतूस घालूनच ही चाचणी करावी. चाप सुटल्यापासून पिन आदळेपर्यंतचा काळ जितका कमी, तितके बरे. कारण त्या काही सहस्रांश सेकंदांतही हात हलतच असतो.

ऑलिम्पिक प्रकारात दुर्बीण चालत नाही. मागे सूक्ष्म छिद्राचे डायॉप्टर साइट आणि पुढे गोल कडी असते. त्या कडीत काळे लक्ष्य मधोमध बसवायचे असते. डायॉप्टरची चकती एक खट केली की गोळी किती सरकते, हे ठरलेले असते. दहा खट डावीकडे व दहा उजवीकडे करून गोळी पुन्हा मूळ जागी येते का, हे पाहावे. येत नसेल, तर साइट झिजलेले आहे. वारा जरा बदलला तरी गोळी काही मिलिमीटर ढळते, त्यामुळे ज्याच्या खटक्यांवर विश्वास ठेवता येत नाही, असे साइट स्पर्धेत घात करते.

नवी की वापरलेली?

.२२ च्या मऊ शिशाच्या गोळीने नळी फार हळू झिजते. नीट जपलेली नळी हजारो गोळ्यांनंतरही उत्तम चालते. त्यामुळे खेळातून निवृत्त झालेल्या नेमबाजाची वापरलेली मॅच रायफल हा मध्यमवर्गीय कुटुंबासाठी अनेकदा सर्वांत शहाणा पर्याय असतो. नवी पण साधी रायफल घेण्यापेक्षा जुनी पण अव्वल रायफल बहुधा जास्त देऊन जाते. मात्र तपासणी कसोशीने करावी. क्राउनवर खवले, चेंबरच्या कडेवर पिनच्या खुणा, नळीत गंज, दस्त्याच्या बैठकीत भेग यांपैकी काहीही आढळल्यास सावध व्हावे. समुद्रकाठच्या शहरातील रायफल असेल, तर गंजाकडे विशेष लक्ष द्यावे. सुटे भाग मिळतात का, ती दुरुस्त करणारा जाणकार जवळ आहे का, हेही आधीच विचारून ठेवावे. डावखुऱ्या खेळाडूंनी डाव्या हाताच्या बोल्टची रायफल मिळेपर्यंत थांबणे इष्ट. अशा रायफली कमी असतात, पण मिळतात.

अंतिम कसोटी म्हणजे प्रत्यक्ष गोळीबार. रायफल वाळूच्या पिशव्यांवर नीट टेकवून ५० मीटरवर दहा गोळ्यांचा एक गट, असे किमान चार गट झाडावेत. पाच गोळ्यांचा एखादा सुंदर गट दाखवून कोणी रायफलीची तारीफ करीत असेल, तर त्यावर विसंबू नये. पाच गोळ्या योगायोगाने एका भोकात जाऊ शकतात, चाळीस जात नाहीत. चारही गटांचा पसारा साधारण सारखा असणे, हे एका चमकदार गटापेक्षा अधिक भरवशाचे लक्षण होय. रायफल गार असतानाची पहिली गोळी कुठे जाते आणि सफाईनंतर किती गोळ्यांनी ती स्थिर होते, याचीही नोंद करावी.

कायदा काय सांगतो?

.२२ रायफल हे खेळाचे साधन असले, तरी कायद्याच्या दृष्टीने ते शस्त्रच आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार ते बाळगण्यासाठी परवाना लागतो आणि परवान्यासाठी २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. त्याखालील वयाच्या खेळाडूंना प्रशिक्षणासाठी ठरावीक अटींवर शस्त्र वापरता येते. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला क्लबची .२२ रायफल लक्ष्यसरावासाठी वापरण्याची मुभा कायद्यातच आहे. त्यामुळे प्रारंभीची वर्षे क्लबच्या रायफलीवर काढणे हा कायदेशीर आणि काटकसरीचाही मार्ग होय. २०१९ मधील दुरुस्तीने सर्वसाधारण परवानाधारकाची शस्त्रमर्यादा तीनवरून दोनवर आली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली. खेळाडूंसाठी केंद्र सरकारने २०२० मध्ये अधिसूचना काढून वेगळी सवलत दिली. परदेशी रायफल आयात करण्याची वाट मुख्यतः राष्ट्रीय पातळीवर ठरावीक गुण मिळवलेल्या 'नामांकित नेमबाजां'साठी खुली असते. म्हणून कोणालाही आगाऊ रक्कम देण्यापूर्वी राज्य रायफल असोसिएशन आणि परवाना अधिकारी यांच्याकडून नियमांची खातरजमा करून घ्यावी. घरी आणल्यावर बोल्ट आणि काडतुसे रायफलीपासून वेगळ्या कुलपात ठेवणे, हा शिरस्ता घरातील लहान-मोठ्या सर्वांना माहीत असावा.

घाई नको

वरळी, बालेवाडी किंवा कोल्हापूरच्या दुधाळी येथील रेंजवर सकाळी फेरी मारली, तर वेगवेगळ्या बनावटीच्या रायफली एकाच रांगेत पाहता येतात. त्यातील दोन-तीन हाताळण्याची विनंती केली, तर खेळाडू सहसा नाही म्हणत नाहीत. प्रत्येक रायफल तिन्ही अवस्थांत खांद्याला लावून, डोळे मिटून पुन्हा उघडावेत. मान न वाकवता साइट आपोआप डोळ्यासमोर आले, तर ती रायफल शरीराला मानवली. ते आले नाही, तर ती किती का सुंदर असेना, दुसऱ्या कोणासाठी तरी बनलेली आहे.

तेवढी सहा महिन्यांची वाट पाहण्याचा संयम आई-वडिलांनी दाखवला, तर मुलाचा हंगाम वाया जात नाही. उलट, क्लबच्या रायफलीवर पक्का झालेला हात, आपल्या मापाचे नीट भान आणि मानवणाऱ्या काडतुसाचा लॉट घेऊनच तो स्वतःच्या रायफलीपाशी येतो. त्या वेळी घरची ठेव मोडावी लागलीच, तर ती कशासाठी मोडली, हे त्यालाही ठाऊक असते आणि त्यांनाही.